हे बूट कुणाचे? व्हॅन गॉगचे एक चित्र आणि आपल्या झिजलेल्या वस्तूंचा हिशेब

गेल्या भीमजयंतीला आम्ही वस्तीतल्या बुद्धविहारात एक छोटे छायाचित्र प्रदर्शन लावले होते. विषय होता 'कष्टाच्या खुणा'. घासून पातळ झालेला खराटा, दोऱ्याने बांधलेला चष्मा, ठिगळांची गोधडी, भेगाळलेले तळहात. त्यातला एक फोटो रबरी चपलांचा होता. पट्टा दोनदा शिवलेला आणि एका चपलेची टाच झिजून आरपार भोक पडलेले. हा फोटो आम्हाला फार आवडला, म्हणून तो दारासमोरच लावला आणि खाली लिहिले, 'श्रमिक स्त्रीच्या शोषणाचे प्रतीक'. संध्याकाळी सफाई कामातून निवृत्त झालेल्या एक आजी आल्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, ह्या तर माझ्या चपला. मग माझं नाव का न्हाई लिवलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा फोटो आम्ही जाता जाता काढला होता. दार वाजवून विचारण्याची गरजही आम्हाला वाटली नव्हती. आम्हाला चपला दिसल्या, 'शोषण' दिसले, पण दाराआडची बाई दिसली नाही.

त्या प्रश्नाने आम्हाला एका जुन्या युरोपीय चित्राकडे नेले. त्या चित्रातही झिजलेले बूट आहेत आणि त्यांच्याबद्दलही हाच प्रश्न विचारला गेला, हे बूट कुणाचे? हा प्रश्न विचारणारे आणि टाळणारे कोण होते, हे पाहिले तर आपल्या चळवळीलाही काही शिकता येईल, असे आम्हाला वाटते.

चित्रात काय आहे

चित्राचे नाव साधे आहे, 'बूट'. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग. साल १८८६, गाव पॅरिस. आज ते ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. आकार सुमारे ३८ बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या पानापेक्षाही लहान. त्यात घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड चामड्याचे दोन बूट आहेत. नाड्या सुटलेल्या, एका बुटाचा वरचा भाग ढिला होऊन खाली वळलेला, दुसऱ्याची नाडी वेटोळे घेत पुढे आलेली. रंग तपकिरी, काळपट, मळकट पिवळे. मागे भिंत नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. जमीन म्हणावी तर तीही नीट कळत नाही. तपासणीत असे दिसले आहे की, कॅनव्हासही नवा नाही. आधी त्यावर भाऊ थिओच्या घरातून दिसणारे शहराचे दृश्य रंगवलेले होते आणि त्याच्यावरच हे बूट काढले गेले.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या आहेत त्यांना 'स्थिरचित्र' हा प्रकार आठवत असेल. समोर तांब्या, वांगी, कांदे मांडायचे आणि ते हुबेहूब काढायचे. युरोपातल्या अकादमीच्या परंपरेत या प्रकाराला सर्वांत खालचे स्थान होते. सतराव्या शतकापासून फ्रान्समध्ये चित्रप्रकारांची रीतसर उतरंड लावलेली होती. धर्म, पुराण आणि इतिहासाची चित्रे सर्वांत वर, मग व्यक्तिचित्रे, मग रोजच्या जगण्याची चित्रे, निसर्गचित्रे आणि तळाला निर्जीव वस्तू. राजे आणि देवदूत वर, भांडीकुंडी खाली. उतरंड म्हटली की आपल्याला काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही! या तळाच्या प्रकारातही नक्षीदार चांदीची भांडी, फळांच्या राशी, महागडे गालिचे यांना मान होता. व्हॅन गॉगने तिथे चिखलाने माखलेले बूट आणून ठेवले.

बुटांपर्यंतचा रस्ता

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकामुळे व्हॅन गॉग मराठी वाचकांना परका नाही. त्याचा जन्म १८५३ चा, नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावातला. वडील प्रोटेस्टंट पाद्री. चित्रांच्या दुकानातली नोकरी सुटल्यावर इकडेतिकडे भटकून तो १८७८ च्या अखेरीस बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसाखाणींच्या भागात धर्मप्रचारक म्हणून गेला. तिथे खाणकामगारांची अवस्था पाहून त्याने आपले कपडे वाटून टाकले आणि झोपडीत राहू लागला. त्याला पाठवणाऱ्या धर्मसंस्थेला हे मानवले नाही. प्रचारकाने कामगारांना उपदेश करावा, पण कामगारासारखे दिसू नये, अशी ती अपेक्षा होती. १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. पुढच्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचे ठरवले.

१८८५ मध्ये न्यूनेन या गावी त्याने 'बटाटे खाणारे' हे चित्र केले. दिव्याच्या उजेडात एक शेतकरी कुटुंब ताटातले बटाटे खात आहे. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात दिसले पाहिजेत, हा त्याचा आग्रह भावाला लिहिलेल्या पत्रातून कळतो. पण ही माणसे त्याच्यासमोर बसतात हे गावातल्या कॅथलिक धर्मगुरूला खपले नाही. त्याने गावकऱ्यांना व्हिन्सेंटसमोर बसायला मनाई केली. त्याच काळात व्हिन्सेंट बटाट्यांच्या टोपल्या, भांडी, पक्ष्यांची घरटी अशी काळपट स्थिरचित्रे करत होता. वडील वारले त्याच वर्षी त्याने त्यांचे भले मोठे बायबल, विझलेली मेणबत्ती आणि शेजारी स्वतःची वाचून वाचून खिळखिळी झालेली झोलाची कादंबरी असे चित्र काढले. वस्तू मांडून माणसाबद्दल बोलायची त्याची रीत इथे तयार झाली.

१८८६ च्या सुरुवातीला तो पॅरिसला आला. तिथल्या चित्रशाळेतला त्याचा सोबती फ्रान्स्वा गोझी याने लिहून ठेवलेली आठवण अशी की, व्हिन्सेंटने जुन्या बाजारातून गाडीवानाचे जाडजूड बूट विकत आणले. ते पॉलिश केलेले, नीटनेटके होते. चित्रासाठी त्याला ते पुरेसे वाटले नाहीत. मग एका पावसाळी दिवशी ते घालून तो लांब फिरून आला आणि बूट चिखलाने भरले तेव्हा त्याने ते रंगवले. पॉल गोगँनेही एक आठवण लिहिली आहे. आर्लमध्ये व्हिन्सेंटच्या खोलीत खिळे मारलेल्या जुन्या बुटांची जोडी होती. विचारल्यावर व्हिन्सेंटने खाणकामगारांत प्रचारक म्हणून केलेल्या प्रवासाची हकिगत सांगितली. ते बूट आणि या चित्रातले बूट एकच, असे कुणी सिद्ध केलेले नाही. पण बूट हा विषय त्याने सोडला नाही एवढे नक्की. पॅरिसमध्ये त्याने बुटांची आणखी चित्रे केली, १८८८ मध्ये आर्लला पुन्हा केले.

इथे भावनेच्या भरात वाहून जायचे कारण नाही. व्हॅन गॉगला आपल्यातला म्हणण्याची घाई करू नये. तो पाद्र्याचा मुलगा होता, नातेवाईक चित्रांच्या व्यापारात होते, दरमहा भाऊ पैसे पाठवत होता. त्याची गरिबी खरी होती, पण त्याने ती बऱ्याच अंशी निवडलेली होती. गाडीवानाला चिखल शोधायला पावसात जावे लागत नाही. त्या बुटांचा आधीचा मालक कोण होता, त्याने ते का विकले, हे व्हिन्सेंटनेही कुठे सांगितलेले नाही.

तत्त्ववेत्त्याची शेतकरीण

आता या चित्राचा दुसरा जन्म पाहू. १३ नोव्हेंबर १९३५ रोजी जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात मार्टिन हायडेगर या तत्त्ववेत्त्याने कलाकृतीच्या उगमाविषयी एक व्याख्यान दिले. पुढच्या वर्षी ते वाढवून इतर शहरांत दिले आणि १९५० मध्ये ते छापले गेले. आज जगभरच्या विद्यापीठांत ते शिकवले जाते. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे व्हॅन गॉगचे बूट.

हायडेगरचा मुद्दा थोडक्यात असा. आपण बूट वापरतो तेव्हा त्याच्याकडे लक्ष देत नाही. तो चांगला असतो म्हणजेच तो जाणवत नाही. चित्र मात्र आपल्याला थांबवते आणि त्या वस्तूचे सगळे जग उघडून दाखवते. इथपर्यंत मुद्दा मोलाचा आहे. पण पुढे हायडेगर ते जग कुणाचे हे ठरवून टाकतो. त्याच्या मते हे बूट एका शेतकरणीचे आहेत. मग नांगरलेल्या शेतातली तिची जड पावले, मातीची ओल, भाकरीची काळजी, बाळंतपणाची भीती, मृत्यूची चाहूल असे सगळे तो त्या बुटांच्या काळ्या पोकळीतून बाहेर काढतो. गंमत अशी की, हे बूट कुठे ठेवले आहेत, कुणाचे आहेत हे चित्रावरून कळत नाही, त्यांना शेताची मातीही चिकटलेली नाही, हे तो स्वतःच आधी कबूल करतो. तरीही शेतकरीण उभी राहतेच. ती बोलत नाही. तिला नाव नाही, गाव नाही, मजुरी नाही, सावकार नाही. तिला फक्त माती आहे.

आणि साल १९३५ आहे. हायडेगर १ मे १९३३ रोजी नाझी पक्षाचा सभासद झाला होता. त्याच सुमारास तो फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि वर्षभर त्या पदावर राहिला. 'रक्त आणि माती' ही नाझींची आवडती घोषणा होती. सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी वारसा शेतीचा कायदा केला. जर्मन किंवा सजातीय रक्त असेल त्यालाच 'शेतकरी' म्हणवून घेता येईल, असे त्यात लिहिले होते. नांगर कोण धरतो यावर नव्हे, तर कोण कुणाच्या पोटी जन्मला यावर 'शेतकरी' ठरणार! हे व्याख्यान म्हणजे नाझी पत्रक नव्हे, हे मान्य. पण ज्या देशात माती आणि शेतकरी या शब्दांचा उपयोग माणसे वगळण्यासाठी होत होता, तिथे एक तत्त्ववेत्ता अनोळखी बुटांना मातीशी एकरूप झालेल्या मुक्या शेतकरणीच्या पायात घालतो, हे निव्वळ सौंदर्याचे प्रकरण राहत नाही.

कोलंबियाचा माणूस विचारतो

हायडेगरला जाहीरपणे 'हे बूट कुणाचे?' असे विचारणारा माणूस होता मेयर शापिरो. जन्म १९०४, लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबात. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आले. ब्रुकलिनमधल्या स्थलांतरितांच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला आणि पुढे तिथेच कलेतिहासाचा नामवंत प्राध्यापक झाला.

कोलंबिया म्हटल्यावर आपले कान टवकारणे साहजिक आहे. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ या काळात होते, म्हणजे शापिरोच्या आधी. दोघांची भेट झाल्याचा दावा आम्ही करत नाही. पण दोघांमध्ये एक दुवा आहे, प्रा. जॉन ड्युई. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून, मोठ्या ऋणाची जाणीव ठेवून केला आहे. त्याच ड्युईंनी १९३४ मध्ये कलेवर ग्रंथ लिहिला आणि त्याची दोन प्रकरणे तरुण शापिरोने वाचून सूचना केल्याबद्दल प्रस्तावनेत आभार मानले. कला ही संग्रहालयात कोंडून ठेवण्याची वस्तू नाही, ती रोजच्या जगण्यातून वेगळी काढता येत नाही, हा त्या ग्रंथाचा पाया आहे.

शापिरोला हायडेगरच्या या लेखाकडे लक्ष द्यायला सांगितले ते कुर्ट गोल्डस्टाइन यांनी. गोल्डस्टाइन हे मेंदूविज्ञानाचे मोठे ज्यू डॉक्टर. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि देश सोडायला लावला. शापिरोने हायडेगरला पत्र लिहून विचारले की, तुम्ही नेमके कोणते चित्र पाहिले होते? १९३० मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पाहिलेले, असे उत्तर आले. व्हॅन गॉगने बुटांची चित्रे अनेक काढली आहेत. शापिरोने कागदपत्रे तपासून हे १८८६ चे चित्र निश्चित केले आणि १९६८ मध्ये, गोल्डस्टाइन यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथात, आपला लेख छापला. त्याचे म्हणणे असे की, हे शेतकरणीचे बूट नाहीत. तेव्हा व्हिन्सेंट शहरात राहत होता, हे बूट त्याचे स्वतःचे आहेत. ती त्याच्या आयुष्याची खूण आहे, जवळजवळ स्वतःचेच चित्र आहे. हायडेगरने चित्रात जे पाहिले ते त्याच्याच मनातले होते.

त्यानंतर १९७८ मध्ये जाक देरिदा या फ्रेंच विचारवंताने दोघांनाही धारेवर धरले. बूट कुणाला तरी परत करण्याची एवढी घाई का? ही जोडी आहे हे तरी कशावरून? दोन्ही डाव्या पायाचे नसतील कशावरून? प्रश्न हुशारीचे आहेत. पण आमच्या दृष्टीने शापिरोची कृती मोठी आहे. परागंदा व्हावे लागलेल्या एका ज्यू डॉक्टरच्या स्मरणार्थ एक स्थलांतरित ज्यू अभ्यासक नाझी पक्षात राहिलेल्या तत्त्ववेत्त्याला म्हणतो, पुरावा दाखवा, ही वस्तू कुणाची? ज्यांना 'या मातीतले नाहीत' म्हणून हाकलले गेले त्यांच्या बाजूने आलेला हा प्रश्न आहे.

कुणी न विचारलेला प्रश्न

तरीही हा सगळा वाद बूट कुणाच्या पायातले, याभोवतीच फिरत राहिला. आम्ही बूट पाहिला की आधी दुसरेच विचारतो, शिवला कुणी? चामडे कुणी कमावले? मेलेले जनावर कुणी ओढून नेले? हायडेगरच्या मुद्द्यात वस्तूचे सारे सत्य तिच्या वापरात आहे, तिच्या घडणीत राबलेले हात बाजूला राहतात. आपल्या देशात चपलेचे सत्य तिच्या घडणीत दडलेले आहे. चप्पल सगळ्यांनी घालायची, पण ती करणाऱ्याला विटाळ मानायचा. पाद्र्याच्या मुलाने अनोळखी माणसाचे वापरलेले बूट आणले, घातले, रंगवले. त्याला कुणी वेडा म्हटले असेल, पण कुणी बाटलेला म्हणून वाळीत टाकले नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. त्या एका वाक्याच्या उजेडात हे चित्र पाहिले तर युरोपच्या या वादात काय राहून गेले ते समजते.

आणि आता तारीख पुन्हा पाहा. नोव्हेंबर १९३५ मध्ये हायडेगर फ्रायबुर्गला बुटांवर बोलत होता. त्याच नोव्हेंबरमध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू या गावी काय घडले, ते बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये नोंदवले आहे. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांतल्या काही अस्पृश्य स्त्रिया पाणी आणायला धातूची भांडी वापरू लागल्या. गावातल्या सवर्णांना हा आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली. त्याच भाषणात इंदूरकडच्या बलाई समाजावर १९२८ मध्ये लादलेले नियमही आहेत, काठाचे धोतर नेसायचे नाही, सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत.

म्हणजे तिकडे तत्त्वज्ञान झिजलेल्या बुटात सत्य शोधत होते आणि इकडे आपल्या बायका नवा हंडा घेतला म्हणून मार खात होत्या. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. युरोपातल्या गरिबाची वस्तू झिजली ती गरिबीमुळे. आपली वस्तू झिजलेलीच असली पाहिजे, असा नियम होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे घालावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण कपडे द्यावेत, असेही तिथेच आहे. फुटके, फाटके, उष्टे हे आपले दुर्दैव नव्हते, ती शिक्षा होती, जन्माआधीच सुनावलेली.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, जात ओळखू येईल असले दागिने टाकून द्यायला सांगितले. म्हणूनच बाबासाहेबांचा सूट आणि पायातले बूट आपल्या घराघरातल्या तसबिरीत आहेत. त्यावर 'साहेबी थाट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना वस्तूंचा हा इतिहास माहीत नसतो, किंवा माहीत असूनही सोयीचा नसतो. ज्यांना झिजलेलेच वापरण्याची सक्ती होती त्यांनी नवे, स्वच्छ, इस्त्रीचे घालणे हे बंड होते.

त्यामुळे झिजलेल्या वस्तूंच्या सौंदर्याचे कौतुक करताना आपण दहा वेळा विचार केला पाहिजे. हल्ली शहरातल्या महागड्या हॉटेलांत जाते, सुपे, कंदील टांगलेले दिसतात. 'मातीशी नाळ' असा शब्दही कानावर पडतो. जात्याने ज्यांचे खांदे गेले त्यांना नाळ तोडायची होती! घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या या गोडव्यांचा खरपूस समाचार घेतला होता, तो याच अनुभवातून.

मग जुने ठेवायचे की टाकायचे?

याचे उत्तरही बाबासाहेबांनी ड्युईंचा आधार घेऊन दिले आहे. प्रत्येक समाजाच्या अंगावर भूतकाळाचा निरुपयोगी कचरा साचलेला असतो. जे होते ते सगळे पुढच्या पिढीला देणे हे शहाण्या समाजाचे काम नाही, अधिक चांगला उद्या घडवायला जे उपयोगी पडेल तेवढेच द्यायचे. ही कसोटी वस्तूंनाही लावता येते. झिजलेली चप्पल जर 'आमचे लोक किती सोशिक' असे सांगत असेल तर ती टाकून दिलेली बरी. ती जर 'हे कुणी केले, का केले आणि आम्ही त्यातून कसे बाहेर पडलो' हे सांगत असेल तर ती जपली पाहिजे.

जोतीराव फुल्यांनी हे काम व्हॅन गॉगच्याच दशकात केले होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याच्या घराचे, त्यातल्या दारिद्र्याचे तपशीलवार वर्णन आहे. पण फुले वर्णनावर थांबत नाहीत. हे दारिद्र्य कोणत्या कारकुनाच्या लेखणीतून, कोणत्या सावकाराच्या वहीतून, सरकारच्या कोणत्या पट्टीतून आले ते सांगतात. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी पाहुण्यांना सुनावले. त्या वेशाला बोलणारा माणूस होता. हायडेगरच्या शेतकरणीला तो मिळाला नाही.

आपल्याकडे या परंपरेची पुढची उदाहरणे आहेत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जपून ठेवले आहेत. त्या वस्तूंपुढे लोक हात जोडतात ते त्यांचा मालक माहीत असतो म्हणून. उर्मिला पवार यांनी आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. ती विणणारी आई त्या पुस्तकात पानोपानी आहे. त्याच उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. चळवळीतल्या स्त्रियांची दारे वाजवली, त्यांना विचारले आणि त्यांची नावे लिहिली. त्यांनी दारे वाजवली नसती तर त्या स्त्रिया आज फक्त 'महिला वर्ग' म्हणून उरल्या असत्या.

आम्ही समाजशास्त्र शिकलेलो, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते. शोषण, प्रतीक, श्रमिक हे शब्द आमच्या तोंडात तयार असतात. हे शब्द खोटे नाहीत. पण माणसाला न विचारता लावले की ते हायडेगरच्या शेतकरणीसारखे होतात. सवर्णांनी आमच्या आज्यांचे नाव घेतले नाही, याचा जाब आम्ही विचारतो आणि विचारत राहू. पण आमच्याच विहारात, आमच्याच पोस्टरवर त्या निनावी असतील तर तो जाब आधी आम्हाला विचारला जाईल. त्या दिवशी तो विचारला गेला.

आम्ही काय केले

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींकडे गेलो आणि तासभर बसलो. टाच एकाच चपलेची का झिजली, हे तेव्हा कळले. कचऱ्याची ढकलगाडी चढावर रेटताना त्या डावा पाय मागे रोवून जोर लावत. तीस वर्षे तोच पाय. गमबूट मिळाल्याची सही दरवर्षी घेतली जाई, बूट मात्र दोनदाच आले आणि तेही पुरुषांच्या मापाचे. पट्टा शिवून देणारे काका बसस्थानकाबाहेर बसत आणि सफाईवाल्या बायकांकडून पैसे घेत नसत. आजींच्या मुली शिकल्या, एक परिचारिका आहे. या चपला टाकून द्या म्हणून ती रोज भांडते. आजी म्हणाल्या, "टाकीन की. पर आधी तुमी लिवून घ्या."

'शोषणाचे प्रतीक' या दोन शब्दांत यातले काहीच नव्हते. सही घेऊन बूट न देणारी व्यवस्था नव्हती, फुकट पट्टा शिवणारे काका नव्हते आणि भांडणारी मुलगीही नव्हती.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या वस्तूचा फोटो लावण्याआधी आम्ही पाच प्रश्न विचारतो. तुम्हीही आपल्या गावात, विहारात, वसतिगृहात हे करून पाहा:

१. ही वस्तू कुणाची? पूर्ण नाव काय?

२. ती कुणी बनवली, कुणी दुरुस्त केली?

३. ती नेमकी कुठे झिजली आणि कोणत्या कामाने?

४. त्या कामाचे किती पैसे मिळाले? काय मिळायला हवे होते आणि मिळाले नाही?

५. ही वस्तू जपावी असे तिच्या मालकाला वाटते का, की टाकून द्यावी असे वाटते?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तर 'टाका' असे आले तर टाकायची आणि फक्त हकिगत लिहून ठेवायची. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या, ट्रंका आज ना उद्या उघडल्या जातील. तेव्हा सांगणारे कुणी नसेल तर उरलेल्या वस्तू कुणीही उचलेल आणि आपल्याला हवे ते नाव देईल. व्हॅन गॉगच्या बुटांचे तेच झाले आणि खुलासा यायला १९६८ साल उजाडले. त्या बुटांचा जुना मालक, गोझीने सांगितलेला तो गाडीवान, तर कायमचा निनावीच राहिला.

विहारातल्या त्या फोटोखाली आता आजींचे नाव आहे, खात्याचे नाव आहे, नोकरीची वर्षे आहेत आणि पट्टा शिवणाऱ्या काकांचेही नाव आहे. या लेखात नाव घालू का, असे विचारल्यावर मात्र आजींनी नको म्हटले. विहारात सगळे ओळखतात तिथे असू दे, बाहेर नको. म्हणून इथे ते नाही.

जय भीम!